चहा न घेणारा पाहुणा

मॉर्मन माणूस चहा घेत नाही. कॉफी नाही, दारू नाही, तंबाखू तर नाहीच नाही. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांना १८३३ साली झालेल्या साक्षात्कारात गरम पेयांना मनाई होती, आणि गरम पेयं म्हणजे चहा-कॉफी असं अनुयायांनी ठरवून टाकलं. अमेरिकेत याने फारसं बिघडत नाही. तिथे कुणी कुणाकडे न कळवता जात नाही आणि गेलंच तर फ्रीजमधलं गार पाणी हातात मिळतं. पण हाच माणूस पुण्यात राहायला आला तर त्याचं कसं व्हायचं, हा प्रश्न मला अधूनमधून पडतो.

कारण पुण्यात चहाला नाही म्हणणं म्हणजे जवळजवळ बसायलाच नाही म्हणणं. आमच्याकडे विम्याचा माणूस येवो, गॅसची शेगडी दुरुस्त करणारा येवो, कुणी मुलगी बघायला येवो की कुणी कुणाच्या तेराव्याचं सांगायला येवो, आधी आधण चढतं. पुणेकराच्या आतिथ्यावर जगभर विनोद झालेत आणि त्यातले निम्मे पुणेकरांनीच पसरवलेत. पण 'घोटभर तरी घ्या' हे वाक्य याच गावात दिवसातून दहा वेळा ऐकू येतं, आणि ते ऐकूनही ठामपणे मान हलवणाऱ्या माणसाकडे आम्ही जरा संशयाने बघतो. ॲसिडिटी आहे म्हणाला तर समजून घेतो. तत्त्व म्हणून घेत नाही म्हणाला तर मात्र संपलंच. त्याचं ते तत्त्व काय, कुणी सांगितलं, कधीपासून आणि त्याला आधार काय, याची चौकशी चहा निवेपर्यंत चालते.

अशा चौकशीला तोंड देण्यासाठीच जणू हा पंथ आपली पोरं जगभर धाडतो. पंथाचं पूर्ण नाव 'उत्तरकालीन संतांचं येशू ख्रिस्ताचं चर्च'. त्यातल्या मुलाने वयात आल्यावर दोन वर्षं प्रचारासाठी द्यायची अशी अपेक्षा असते. पूर्वी त्यासाठी वय एकोणीस लागायचं, २०१२ पासून अठराव्या वर्षीही जाता येतं. मुलींसाठी हे वय एकोणीस होतं, २०२५ मध्ये तेही अठरा झालं; त्यांची मुदत दीड वर्षाची. कुठे जायचं ते स्वतः ठरवायचं नाही. सॉल्ट लेक सिटीहून पत्र येतं, त्यात गावाचं नाव असतं. फिनलंड असेल, फिजी असेल, नाहीतर शेजारचंच राज्य. खर्च बराचसा घरचा, म्हणजे बापाने आणि मुलाने आधीपासून साठवलेला. पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळी पाटी. सकाळी साडेसहाला उठायचं, रात्री साडेदहाला दिवा बंद. सिनेमा नाही, मैत्रीण नाही. आणि एकट्याने कुठेच जायचं नाही. एक जोडीदार मिळतो आणि तो कायम नजरेच्या टप्प्यात असावा लागतो. तो आवडो न आवडो, घोरो न घोरो.

एकोणिसाव्या वर्षी मला कुणी असं कुणाशी बांधून गावोगाव फिरवलं असतं तर मी तिसऱ्या दिवशी घरची गाडी पकडली असती. ही मुलं बहुतेक राहतात.

पुण्याला या पंथाचा प्रचारक पहिल्यांदा आला तो आजकाल नव्हे, १८५३ साली. ह्यू फिंडले हे त्याचं नाव. स्कॉटलंडचा, तिशीतला. १८५२च्या सप्टेंबरात तो मुंबई बंदरात उतरला. मुंबईत वर्तमानपत्रांनी आणि इतर पंथांच्या पाद्र्यांनी त्याला फोडून काढलं. त्यात त्याचं नशीब असं की त्याच्या आगमनाच्या सुमारासच पंथाच्या धुरीणांनी तिकडे यूटामध्ये बहुपत्नीत्वाचं जाहीर समर्थन केलं होतं. ती बातमी जहाजाने मागोमाग आली आणि मग त्याचं बाकीचं बोलणं कुणी ऐकून घ्यायचं कारणच उरलं नाही. त्याला हवे होते श्रोते. समोरचे विचारत होते, बायका किती.

मुंबईहून तो पुण्याला आला. रेल्वे नव्हती. बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली ती त्याच १८५३च्या एप्रिलात; पुण्यापर्यंत रूळ यायला आणखी पाच वर्षं लागणार होती. तेव्हाचा सरसहा मार्ग म्हणजे पनवेलपर्यंत होडी, मग खोपोली, बोरघाट, खंडाळा आणि पुढे मावळातून पुणं. घाटातून गाडीरस्ता १८३० साली झाला होता, तेवढीच काय ती सोय. पुण्यात फिंडले गेला तो पेठांत नव्हे, लष्करात. त्याची भाषा समजणारी माणसं तिथेच होती. सेंट मेरीजचं चर्च १८२५ पासून उभं होतं, पलटणी होत्या, पलटणींना लागून वाढलेला बाजार होता. पण लष्कराच्या अधिकाऱ्यांना आपल्या शिपायांमध्ये कुणी नवा पंथ पेरायला आलेला नको होता. छावणीत उपदेश करायची मुभा त्याला मिळाली नाही. तरीही चिकाटीने त्याने काही गोरे, काही मिश्रवंशीय आणि काही देशी माणसं मिळवली आणि एक लहानशी मंडळी उभी केली. पाठोपाठ त्याचा भाऊ ॲलनही हिंदुस्थानात येऊन मिळाला. १८५५ मध्ये फिंडले परतला. पुण्यातली मंडळी मागे टिकली नाही.

इतिहास एवढाच. मला त्यात रस वाटतो तो एका वेगळ्याच गोष्टीमुळे. त्या काळचे मॉर्मन प्रचारक निष्कांचन हिंडत. लूकच्या शुभवर्तमानात येशू आपल्या शिष्यांना दोघादोघांच्या जोडीने पुढे पाठवतो आणि बरोबर पैसा, झोळी काही घेऊ नका म्हणतो, ते त्यांनी शब्दशः घेतलं होतं. खिशात काही ठेवायचं नाही. ज्या गावात जाऊ तिथे जो घालील त्याच्या घरी जेवायचं, जो ठेवील त्याच्या ओसरीवर झोपायचं. इंग्लंडच्या खेड्यांत, अमेरिकेच्या वस्त्यांत हे जमून जायचं. कंपनी सरकारच्या हिंदुस्थानात पायी चालणारा, कफल्लक गोरा म्हणजे गोऱ्यांच्या दृष्टीने लाज आणि आपल्या लोकांच्या दृष्टीने कोडं. साहेब म्हटला की घोडा, पालखी, बटलर. हा कसला साहेब?

आणि गंमत अशी की असा निष्कांचन तरुण कोण असतो आणि त्याचं काय करायचं, हे हिंदुस्थानातल्या ज्या थोड्या शहरांना पक्कं ठाऊक होतं त्यातलं एक लष्करापासून तासाभराच्या चालीवर होतं. पेठांमध्ये रोज सकाळी मुंज झालेली पोरं झोळी घेऊन दारोदार उभी राहत. माधुकरी मागून शिकणं यात कमीपणा नव्हता. उलट वाढणाऱ्या बाईला पुण्य होतं. ज्याला रोज झोळी नको तो वार लावून जेवायचा, सात वारांची सात घरं. ही रीत विसाव्या शतकातही खूप वर्षं चालली. १९०९ साली स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाची मुलं माधुकरीला जात, आणि त्या मुलांतून पुढे शिक्षक, मुद्रक, इंजिनिअर झाले.

माझे आजोबा, आईचे वडील, म्हणजे अण्णा, राजापूरकडून पुण्यात आले ते असेच. त्यांचे वार त्यांना म्हातारपणीही पाठ होते. सोमवारी वकिलांकडे, तिथे पंगत मोठी, पण वकील उशिरा उठायचे, त्यामुळे शाळा बुडायची. मंगळवारी एका विधवा बाईंकडे, आमटी पातळ पण आग्रह फार. गुरुवारचं घर दत्तभक्तांचं, म्हणजे त्या घराला उपास आणि म्हणून आजोबांनाही उपास. साबुदाण्याची खिचडी मिळायची ती वाटीभर. शनिवारच्या घरी एक मुलगी त्यांच्याएवढी होती म्हणून त्यांना माजघरात न बसवता पडवीत वाढत. हे सगळं सांगताना ते कुणावर रागावलेले नसत. फक्त एक सांगायचे, की ज्या घरी जेवायचं त्या घरी प्रश्नाला उत्तर द्यावंच लागायचं. आज काय शिकलास? मग म्हणून दाखव. सात घरांच्या सात परीक्षा. आजोबांचं रघुवंश चांगलं होतं त्याचं श्रेय ते शुक्रवारच्या घरातल्या एका तिरसट काकांना द्यायचे.

हे सगळं मला आठवायचं कारण मावशी. माझा मावसभाऊ ॲरिझोनात मेसा नावाच्या गावी राहतो. गाव मॉर्मनांनीच १८७८ साली वसवलेलं. मावशी त्याच्याकडे राहायला गेली होती तेव्हाची गोष्ट, बरीच वर्षं झाली. भर दुपारी बेल वाजली. दारात दोन मुलगे, पांढरे शर्ट घामाने अंगाला चिकटलेले, सायकली कुंपणाला टेकलेल्या. घरी मावशी एकटी. मावसभावाने तिला बजावून ठेवलं होतं की अशी मुलं आली तर 'नो थँक्यू' म्हणून दार लावून घ्यायचं. तिने दार उघडलं, त्यांची तोंडं बघितली आणि आत घेतलं. म्हणाली, उन्हातून आलेल्याला दारातून परत पाठवायचं? आपण काय भाडेकरू बघतोय?

चहा टाकते म्हणाली तर दोघं गडबडून नको-नको करायला लागले. मावशीला वाटलं संकोच. तिने आधण ठेवलंच. मग दोघांतल्या मोठ्याने कसंबसं समजावलं की आमच्या धर्मात चालत नाही. मावशीने गॅस बंद केला आणि पुण्याहून नेलेल्या आगळाचं कोकम सरबत करून दिलं, बरोबर थालीपीठ. मग चौकशी. आई-वडील काय करतात, भावंडं किती, कॉलेज का सोडलंत, लग्न ठरलंय का. ती मुलं धर्माबद्दल बोलायला आली होती. धर्मापर्यंत पोचायला त्यांना संध्याकाळ झाली असती. धाकटा आयडाहोचा होता. पत्रात ॲरिझोना वाचून तो खट्टू झाला होता, कारण त्याच्या मित्राला ब्राझील मिळालं होतं. घरी फोन कधी करतोस या प्रश्नावर तो म्हणाला, वर्षातून दोनदा, नाताळला आणि मातृदिनाला. तेव्हा नियमच तसा होता. २०१९ पासून आठवड्याला एकदा घरी बोलायची परवानगी मिळाली, पण मावशीच्या वेळी नव्हती. मावशी त्यावर जे बोलली ते मराठीत बोलली आणि ते त्या मुलांना समजलं नाही हे बरंच झालं.

पण तिला खरी ओळख पटली ती पुढे. रात्रीचं जेवण काय करता, असं विचारल्यावर मोठा म्हणाला की चर्चमध्ये एक तक्ता फिरतो. कुठल्या दिवशी कुणाकडे जेवायला जायचं ते कुटुंबं आपापली नावं घालून ठरवतात. सोमवारी यांच्याकडे, मंगळवारी त्यांच्याकडे. मावशी उडालीच. "म्हणजे हे वार लावून जेवतात!" असं तिने मला फोनवर सांगितलं तेव्हा तिचा आवाज एखाद्या लांबच्या नातेवाइकाचा पत्ता सापडल्यासारखा होता. आमच्या अण्णांसारखेच रे, म्हणाली, फक्त टाय घातलेले. गुरुवारचं नाव तक्त्यावर तिनेही घातलं असतं. मावसभावाने घालू दिलं नाही.

मावशीची गल्लत झाली असं कुणी म्हणेल. अण्णा शिकायला आले होते, ही मुलं शिकवायला निघालेली. पण माझ्या मते सगळी गोष्ट तिथेच आहे. शिकायला आलेल्याला पुणं जेवू घालतं. त्याला ओसरी देतं, वार देतं, आज त्याला कॉट बेसिसवर खोली आणि महिन्याचा डबा देतं. शिकवायला आलेल्याशी ते वाद घालतं. एकतर इथे शिकवणारे आधीच फार. जिथे प्रत्येक वाड्याच्या दारावर दोन सूचना लिहिलेल्या असतात, तिथे बाहेरून आणखी उपदेश आयात करायची गरज कुणालाच वाटत नाही. फिंडलेच्या पोटात भूक होती, खिसा रिकामा होता. अण्णांसारखंच सगळं होतं. तोंडात मात्र उत्तर होतं, आणि वार लावायला तोंडात प्रश्न लागतो.

अर्थात इतक्या झोकात हे म्हणून चालणार नाही. पेठांमधली ती दारं शिकणाऱ्या सगळ्यांना कुठे उघडी होती? झोळी घेऊन उभं राहायचा हक्क जन्मावर होता. फिंडलेला जर कुणी पेठेत नेलं असतं तर त्याला अंगणातूनच परत यावं लागलं असतं, आणि त्याच्याही आधी इथल्याच पुष्कळांना अंगणाच्या बाहेर थांबावं लागत होतं. जोतीराव फुले शिकले ते स्कॉटिश मिशनच्या शाळेत. १८४८ साली त्यांनी मुलींची शाळा काढली. १८५२च्या नोव्हेंबरात, म्हणजे फिंडले मुंबईत वर्तमानपत्रांशी झगडत होता त्याच सुमारास, विश्रामबागवाड्यात सरकारतर्फे त्यांचा सत्कार झाला आणि शालजोडी दिली ती मेजर कँडी यांनी. आणि फिंडले परत गेला त्याच १८५५ साली मुक्ता साळवे या फुल्यांच्या शाळेतल्या चौदा वर्षांच्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला. तो छापला 'ज्ञानोदय'ने, म्हणजे नगरच्या अमेरिकन मिशनच्या पत्राने. ज्या मुलीला एकाही वाड्यात वार मिळाला नसता तिला दोन अंकांत जागा मिळाली.

म्हणजे मिशनरी इथे नुसतेच हात हलवत परत गेले असं नाही. ज्यांनी शाळा काढल्या, छापखाने काढले, त्यांचं पुण्याने घेतलं. कुणी उघड घेतलं, कुणी गुपचूप. त्यांचा धर्म घेणारे थोडे, त्यांचा खडू घेणारे पुष्कळ. फिंडलेकडे मात्र ना शाळा होती ना छापखाना. एक मराठ्यांना उद्देशून लिहिलेलं पत्रक त्याने मुंबईत काढलं. आपल्या सत्याशिवाय दुसरं काहीच बरोबर न आणणारा माणूस पुण्याला फार झेपत नाही.

उलट बाजूने एकदाच मोठी फजिती झाली आणि तीही चहावरूनच. १८९० साली पंचहौद मिशनमध्ये पुण्यातली बडी मंडळी व्याख्यानाला गेली. रानडे होते, टिळक होते. पाद्र्यांनी चहा-बिस्किटं पुढे केली. कुणी घेतला, कुणी नुसता कप हातात धरला, कुणी बशीकडे बघत बसला. हा सगळा बनाव रचणारे गोपाळराव जोशी, आनंदीबाईंचे यजमान. त्यांनी उपस्थितांची नावं वर्तमानपत्रात छापून आणली आणि गावभर ग्रामण्य माजलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. टिळकांनी आपण काशीला घेतलं म्हणून सांगितलं. दारात आलेल्या परक्याला वार नाकारणारं गाव परक्याच्या दारात जाऊन चहा घेताना पकडलं गेलं होतं. त्या सभेत एखादा मॉर्मन असता तर तो एकटाच सुटला असता.

पुण्यात येऊन खरंच रुळलेला प्रचारक कुणी झाला का? आठवतो तो व्हेरियर एल्विन. १९२७ साली, पंचविशीत, ऑक्सफर्डहून आलेला, बिशपचा मुलगा. जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघाबरोबर तो पुण्यात आला. संघाचे लोक खादी वापरत, जमिनीवर बसून हाताने जेवत. पुढच्याच जानेवारीत एल्विन साबरमतीला गेला, गांधींना भेटला आणि तिथे त्याचं काहीतरी फिरलं. ज्या देशाला सांगायला आलो त्याचं आधी ऐकावं असं त्याला वाटू लागलं. चर्चच्या वरिष्ठांना ते रुचलं नाही, सरकारला त्याहून नाही. संघातच त्याला शामराव हिवाळे हा मराठी ख्रिस्ती मित्र मिळाला आणि १९३२च्या आरंभी दोघं मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. पुढे एल्विनने चर्च सोडलं, १९५४ साली भारताचं नागरिकत्व घेतलं. आदिवासींवरची त्याची पुस्तकं आज मानववंशशास्त्राच्या कपाटात आहेत, धर्मप्रचाराच्या नाहीत. त्याचंही मोठेपण निर्मळ नव्हतं; ज्या गोंड मुलीशी त्याने लग्न केलं तिची कहाणी वाचली की त्याच्याबद्दलचा आदर अडखळतो. पण तो पुण्यात कशामुळे रुजला आणि कशामुळे पुण्याबाहेर पडला, या दोन्हींचं उत्तर एकच आहे. त्याने प्रश्न विचारायला सुरुवात केली.

दुसरा गी दलरी, फ्रेंच जेझुइट. हा पठ्ठ्या वारकऱ्यांबरोबर पंढरपूरला चालत गेला, तुकारामाचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि १९६० साली डेक्कन कॉलेजने त्याचा विठोबावरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. वारीत दिंडीच्या मुक्कामी तुमचा धर्म कुठला हे कुणी विचारत नाही; पत्रावळ पुढे येते. तिथे चहाही मिळतो, म्हणा.

या दोघांना मुदत नव्हती. कुणी त्यांना दोन वर्षांनी परत बोलावणार नव्हतं. मॉर्मन मुलाची खरी अडचण चहा नव्हेच, कॅलेंडर आहे. एखादं गाव कळायला लागतं ते साधारण दुसऱ्या पावसाळ्यात. पहिल्या पावसाळ्यात माणूस छत्री विकत घेतो. दुसऱ्यात त्याला कळतं की छत्री दुरुस्त करणारा कुठे बसतो. त्या सुमाराला या मुलाचं परतीचं तिकीट येतं. शिवाय आतल्या आत बदल्या असतात. दर सहा आठवड्यांनी यादी निघते आणि कधी जोडीदार बदलतो, कधी वस्ती बदलते. मला आधी हे क्रूर वाटायचं. मग वाटलं की ज्याने हा नियम केला त्याला माणसं नीट कळली असावीत. एका गल्लीत चार महिने राहिलेला मुलगा तिथल्या आजींकडे धर्म सांगायला जात नाही, चौकशीला जातो. मग पोपटाला मिरची घालतो, आजींची औषधं आणून देतो आणि पाटी शर्टाच्या खिशात ठेवतो. प्रचाराच्या दृष्टीने तो वाया गेला.

भारतातलं त्या पंथाचं काम आज प्रामुख्याने दक्षिणेतून चालतं. १९९३ पासून बंगळूरला त्यांचं स्वतंत्र मिशन आहे आणि २०१८च्या एप्रिलात तिथे देशातलं पहिलं मॉर्मन मंदिर जाहीर झालं. पुण्याकडे त्यांचं लक्ष फार नसावं, आणि पुण्याचं त्यांच्याकडे नाही. इथे परगावच्या पोरांची कमतरता नाही. सदाशिव पेठेत, नारायण पेठेत संध्याकाळी बघा. स्पर्धा परीक्षेची मुलं थव्याने निघालेली असतात. नांदेड, बीड, परभणी. तीही ठरावीक वर्षांसाठी आलेली, तीही घरच्यांच्या साठवणीवर, तीही पहाटे उठून ठरलेलं पाठ करणारी. जोडीदार त्यांनाही वाट्याला येईल तो. त्यांचा साक्षात्कार म्हणजे आयोगाची यादी. कट्ट्यावर ती चहा पितात, कटिंग, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि कपाच्या काठावरून एकमेकांना घटनेची कलमं विचारतात.

त्यांच्या गर्दीत आयडाहोचा एखादा मुलगा खोली शोधत फिरतोय असं मी कल्पून बघतो. घरमालक म्हणजे आमच्या ओळखीचे एक काका, जिन्याखाली सायकल लावू नये ही पाटी त्यांच्याच हस्ताक्षरातली. अटी वाचून दाखवतील. दारू चालणार नाही. सिगारेट चालणार नाही. मुली आणायच्या नाहीत. टेप, पार्ट्या, गोंधळ नाही. रात्री दहाच्या आत घरात. मुलगा प्रत्येक अटीला मान हलवेल. काकांना आयुष्यात असा भाडेकरू मिळालेला नाही. मांसाहार सोडशील का म्हटल्यावर तो जोडीदाराकडे बघेल आणि दोघं सोडतो म्हणतील. काकू आतून चहा घेऊन येतील, तो नको म्हणेल, मग पाऊण तास चौकशी होईल आणि काकू शेवटी पूड न घालता गवती चहा, आलं आणि गूळ उकळून देतील. त्याला त्याच्या धर्माची हरकत नाही. काका पोलिस चौकीसाठी पासपोर्टची झेरॉक्स मागतील, परदेशी माणसाचा फॉर्म भरावा लागतो ते सांगतील, दोन महिन्यांचं डिपॉझिट सांगतील आणि कराराचा कागद पुढे सरकवतील.

तिथे अडेल. करार अकरा महिन्यांचा आहे, आणि सहा आठवड्यांनी यादीत आपलं नाव कुठे असेल हे त्या मुलाला माहीत नाही. काका मधेच सोडणाऱ्याचं डिपॉझिट परत देत नाहीत. काकू म्हणतील, अहो, जाऊ दे, पोरगा सरळ आहे. काका म्हणतील, सरळ आहे म्हणूनच विचारतोय, याच्या साहेबांचा नंबर द्या, मी बोलतो त्यांच्याशी.